१२ जणांचं कुटुंब घेऊन व्हिएतनाममधली तीन-चार शहरं पॅकेज न घेता स्वस्तात जमतील का?

जमतील. आम्हीही १२ जणच गेलो होतो (सासू-सासरे, माझे आई-बाबा, आम्ही चौघं आणि दीर-जाऊबाई त्यांच्या दोन मुलांसकट), म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की ९-१० दिवस आहेत, दोन्हीकडचे म्हातारे सोबत आहेत, हनोई, सापा, हालाँग, ह्वे, दा नांग, होई आन, सायगॉन एवढं सगळं बघायचंय आणि टूरवाल्याचा आकडा ऐकून घाम फुटलाय. आकड्याचं नंतर बघू, आधी ती यादी अर्धी करा.

का ते सांगते. मोठ्या कुटुंबाचे पैसे विमानात जातात असं आपल्याला वाटतं, पण नकळत जातात ते शहर बदलण्यात. दोघं असले की सॅक उचलली आणि निघाले. १२ जण म्हणजे रोज सकाळी लग्नाचं वऱ्हाड काढायचं, कोणाची आंघोळ राहिलीय, कोणाचा चार्जर भिंतीतच राहिलाय, सासऱ्यांची बीपीची गोळी कुठल्या बॅगेत गेली ते कोणालाच माहीत नाही, मग दोन-तीन गाड्या, पुढच्या हॉटेलात चेक-इन दोनला म्हणून तीन तास लॉबीत बसायचं आणि बसलंय म्हणून १२ कॉफ्या मागवायच्या. मी नंतर हिशोब केला तेव्हा प्रत्येक शहर बदलायला तिकीट सोडून नुसते टॅक्सी-खाणं-हमाली धरून सात-आठ हजार गेले होते, वर अर्धा दिवस वाया. म्हणून आम्ही तीनच मुक्काम ठेवले, हनोई ३ रात्री, एक रात्र ट्रेनमध्ये, होई आन ३, सायगॉन २. सापा काढलं, ह्वे ट्रेनच्या खिडकीतून बघितलं, हालाँगही काढलं. हालाँग काढताना जाऊबाई दोन दिवस बोलत नव्हत्या माझ्याशी, पण त्याऐवजी निन्ह बिन्ह केलं आणि ते सगळ्यात जास्त आवडलं त्यांनाच. हनोईपासून शंभरेक किलोमीटर, एका दिवसात जाऊन येता येतं. तिथल्या ट्रांग आनला होडीतून चुनखडीच्या डोंगरांमधून नेतात, डोंगराखालच्या गुहांतून होडी जाते तेव्हा डोकं खाली घालावं लागतं, अडीच-तीन तास, बराचसा वेळ नुसतं बसून राहायचं, चालायचं फारसं नाही. म्हाताऱ्यांसाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. एका होडीत चार जण, म्हणजे आमच्या बरोब्बर तीन होड्या.

हा चारचा हिशोब लक्षात ठेवा कारण तिकडे सगळं चाराच्या पटीत बसतं. ट्रेनच्या सॉफ्ट स्लीपरचा एक कप्पा चार बर्थचा, १२ जणांना तीन अख्खे कप्पे, आतून दार बंद, अनोळखी माणूस कोणी नाही. चार जणांची फॅमिली रूम बऱ्याच हॉटेलांत मिळते. आणि विमानाच्या तिकिटांतही हेच करा, एका बुकिंगमध्ये बहुतेक ठिकाणी ९ च प्रवासी घेतात त्यामुळे तसंही तोडावंच लागतं. त्यात अजून एक गंमत आहे, १२ सीट एकदम शोधल्या की स्वस्त भावाच्या ५ सीटच उरल्या असतील तर साइट १२ च्या १२ ना वरचा भाव लावते. आधी एक सीट शोधा, मग चार, मग १२, भाव कुठे उडी मारतो ते दिसेल. आम्ही घरटी चार-चार अशी तीन बुकिंगं केली, म्हणजे एखाद्या घराचं ऐनवेळी रद्द झालं तर बाकीच्यांच्या तिकिटाला हात लावावा लागत नाही.

तिकीट जाताना मुंबई-हनोई आणि येताना सायगॉन-मुंबई असं काढा (सायगॉन म्हणजेच हो ची मिन्ह सिटी, बुकिंग करताना तेच नाव टाका). बरेच लोक हनोईचं रिटर्न काढतात कारण ते दोन हजारांनी स्वस्त दिसतं आणि मग सायगॉनहून हनोईला परत यायला १२ तिकिटं वेगळी काढतात. दोन्ही शहरांना मुंबईहून थेट विमानं आहेत. आम्हाला चार महिने आधी काढून माणशी २६ हजार पडले, त्यात चेक-इन बॅगा सहाच घेतल्या, दोन माणसांत एक. हँडबॅग ७ किलोची असते आणि तिकडे ती खरंच वजनकाट्यावर ठेवायला लावतात. दा नांगहून (होई आनच्या शेजारचं शहर, स्टेशन आणि विमानतळ तिथेच) सायगॉनला जाताना एका स्वस्त विमान कंपनीच्या काउंटरवर आमच्या चार हँडबॅगा जास्त भरल्या कारण होई आनला सगळ्यांनी कपडे शिवून घेतले होते (माप द्या, दुसऱ्या दिवशी तयार, बायकांना आवरणं अवघड, त्यात मीही आले). तिथे जे पैसे भरले त्यात अजून दोन ड्रेस आले असते. व्हिएतनाममधल्या आतल्या विमानाचंही सामान आधीच ऑनलाइन विकत घेऊन ठेवा.

ट्रेनबद्दल थोडं जास्त लिहिते कारण सगळे म्हणतात म्हाताऱ्यांना घेऊन ट्रेन नको. हनोई ते दा नांग १६-१७ तास, माणशी साधारण साडेतीन-चार हजार रुपये. विमान कधीकधी याहून स्वस्त मिळतं, पण सामान आणि दोन्हीकडच्या टॅक्स्या धरल्या तर तेवढंच होतं आणि इथे एका रात्रीच्या चार रूम वाचतात. खालचे बर्थ जरा महाग असतात, तेवढे म्हाताऱ्यांसाठी घ्याच. संडास आपल्या स्लीपर क्लासपेक्षा बरा, एसी टूपेक्षा वाईट. आम्ही रात्री दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग काढलं, मधल्या कप्प्यात मेंढीकोटाचा डाव मांडला, ट्रेनमधली बाई ढकलगाडी घेऊन आली ती दारात उभी राहून बघायला लागली आणि सासऱ्यांनी तिच्या हातावर भडंग ठेवलं. तिने खाल्लं, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं आणि तरी सकाळी परत हात पुढे केला. सकाळी ह्वे गेलं की डाव्या बाजूला बसा, हाय वान घाटात ट्रेन समुद्राच्या अगदी कडेने जाते, दोन-अडीच तास खिडकी सोडू नका.

शहरांच्या आत आणि जवळपास फिरायला १६ सीटर व्हॅन ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या. हनोईच्या हॉटेलवाल्यानेच करून दिली, निन्ह बिन्हला जाऊन-येऊन दिवसाचे २८ लाख डोंग. आकडा ऐकून दचकू नका, साडेनऊ हजार रुपये होतात, माणशी आठशे. डोंगचा हिशोब सोपा आहे, मागची तीन शून्यं उडवा आणि सव्वातीन-साडेतीनाने गुणा, म्हणजे १ लाख डोंगचे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. जवळ जायचं असेल तर ग्रॅब या टॅक्सीच्या अॅपवरून दोन सातसीटर मागवायच्या, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही. फक्त प्रत्येक गाडीत एकाच्या तरी फोनमध्ये तिकडचं सिम आणि हॉटेलचा पत्ता पाहिजे, आमची दुसरी गाडी एकदा भलत्याच गल्लीत उतरून बसली होती आणि सगळे फोन पहिल्या गाडीत.

नोटा सांभाळा. २० हजार आणि ५ लाख, दोन्ही निळ्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. माझ्या बाबांनी होई आनच्या बाजारात संध्याकाळच्या अंधारात नारळपाणी घेतलं आणि रात्री हिशोबात सोळाशे रुपयांची खोट आली, कोणाला काही कळेना, मग त्यांनीच हळूच विचारलं की २० हजाराची नोट जरा गडद असते का. त्या दिवसापासून ५ लाखाच्या नोटा फक्त माझ्या पाकिटात. एकच कॉमन पाकीट ठेवा हे त्यातूनच सुचलं, तिन्ही घरांनी सारखे पैसे टाकायचे, जेवण-गाडी-तिकीट त्यातून, स्वतःची खरेदी स्वतःच्या पैशाने. कोणी जास्त खाल्लं, कोणी कमी, ते काढत बसायचं नाही.

तिकिटांचं एक. तिकडे मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर असतं, १ मीटरच्या आत फुकट आणि त्यापुढे साधारण १.३-१.४ पर्यंत कमी दर. खिडकीशेजारी भिंतीवर पट्टी रंगवलेली असते. आमचा पुतण्या तिथे शाळेत मेडिकल असल्यासारखा ताठ उभा राहिला, टाचा वर करून. गेले पैसे.

आणि सगळ्यांनी सगळं बघायलाच पाहिजे असं नाही, हे घरात आधीच बोलून घ्या. दा नांगजवळ बा ना हिल्स आहे, तो दोन हातांनी धरलेला सोनेरी पूल फोटोत बघितला असेलच, २०१८ मध्ये झालाय, पण तिकीट माणशी तीन हजारांच्या आसपास. १२ जणांचे ३६ हजार? आम्ही सात जण गेलो, म्हातारे आणि जाऊबाई दा नांगच्या 'मी खे' नावाच्या बीचवर बसले. संध्याकाळी कळलं की त्यांचाच दिवस जास्त चांगला गेला. दा नांगचा ड्रॅगन ब्रिज मात्र फुकट आहे, शनिवार-रविवारी रात्री ९ वाजता तोंडातून आग आणि मग पाणी टाकतो, तुमचे वार तसे जुळवा. हनोईत होआन कीम तळ्याभोवती शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत गाड्या बंद असतात, मुलांना मोकळं सोडता येतं. एरवी हनोईचा रस्ता ओलांडणं म्हणजे दिव्य आहे. थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीने चालत राहायचं, स्कूटरवाले बाजूने जातात. सासूबाई डोळे मिटून माझा हात धरायच्या.

जेवणाचं तुम्ही विचारलंय, अर्धे शाकाहारी आहात म्हणून. पाटीवर चाय असं वाचायला शिका. म्हणजे लिहितात रोमनमध्ये सी-एच-ए-वाय, म्हणतात चाय, आणि त्याचा अर्थ शाकाहारी. बाबांना पहिल्या दिवशी प्रचंड आनंद झाला होता की इथे गल्लोगल्ली चहा मिळतो. बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला शाकाहार करतात त्यामुळे चाय खाणावळी खरंच बऱ्याच आहेत, भात, टोफू, पालेभाज्या, सूप, शंभर-दीडशे रुपयांत पोट भरतं. साध्या हॉटेलात मात्र नुसतं "मांस नको" सांगून भागत नाही, माशाचा सॉस सगळ्यात पडतो, तेव्हा तोही नको हे मोबाइलवर भाषांतर करून दाखवा. इंडियन रेस्टॉरंट रोज केलं तर १२ जणांचं बिल विमानाच्या तिकिटाएवढं होतं. होई आनला आम्ही हॉटेल न घेता किचनवालं अख्खं घर घेतलं, चार खोल्या, रात्रीचे साडेदहा हजार, आणि दोन रात्री मुगाची खिचडी केली. तूप घरून नेलं होतं.

तारखा. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणताय ते नीट बघा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामला जोराचा पाऊस असतो, होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. मेमध्ये जात असाल तर ३० एप्रिल आणि १ मे ही त्यांची मोठी सुट्टी, तो आठवडा टाळा, सगळा देश फिरायला निघतो. आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो, हनोईत ऊन मरणाचं, पण दा नांगचा समुद्र छान. म्हाताऱ्यांना दुपारी १२ ते ४ रूमवर एसीत झोपू द्या.

व्हिसा स्वतः काढा, सरकारी साइटवर ई-व्हिसा सिंगल एंट्रीचा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो. हुबेहूब दिसणाऱ्या एजंटांच्या साइट आहेत, पत्त्याच्या शेवटी सरकारी gov.vn असलेलीच उघडा. पैसे परत मिळत नाहीत आणि चूक झाली की नवा अर्ज. सासऱ्यांच्या पासपोर्ट नंबरात मी ३ च्या जागी ८ टाकला होता, निघायच्या नऊ दिवस आधी जाऊबाईंच्या मुलीच्या लक्षात आलं, परत २५ डॉलर भरले, पाच दिवसांनी आला, ते पाच दिवस मला झोप नाही. एकाने भरायचं, दुसऱ्याने पासपोर्ट हातात घेऊन वाचायचं.

आमचा एकूण खर्च विमान, व्हिसा, इन्शुरन्स, खाणं-पिणं सगळं धरून माणशी ६६ हजारांच्या आसपास गेला, खरेदी सोडून. पॅकेजवाल्याने ९८ हजार सांगितले होते, वर टीसीएस (परदेशी पॅकेजवर टूरवाला आधीच घेतो तो कर). तो इन्कम टॅक्सचं रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण तोपर्यंत अडकतो, आणि सगळ्यांचे पैसे एकानेच भरले तर त्याच्याच पॅनवर चढतो. इन्शुरन्स मात्र म्हाताऱ्यांचा चांगला घ्या, आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते वाचून, तिथे हजार-दोन हजार वाचवू नका. आणि विमानतळावर त्यांना व्हीलचेअर सांगा, बुकिंग करतानाच सांगायची असते. माझे बाबा "मी काय म्हातारा झालोय का" म्हणून बसायला तयार नव्हते, मग इमिग्रेशनची लाइन बघितली आणि गुपचूप बसले.