जांभळा उजेड आणि अतिनील उजेड

प्रश्न : आम्ही ठाण्यात, येऊरच्या पायथ्याशी तळमजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात चपलांच्या रॅकखाली दोनदा विंचू निघाला. अतिनील उजेडात विंचू चमकतो असे कळल्यामुळे तसा एलईडी टॉर्च घ्यायचा आहे. शिवाय मुलगा सह्याद्रीतले दगड जमवतो, त्यालाही त्याचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. बाजारात काही टॉर्चवर ३९५ आणि काहींवर ३६५ असा आकडा असतो आणि किमतीत कितीतरी पटींचा फरक दिसतो. आमची तयारी दीड हजारापर्यंतची आहे. नेमके काय पाहून घ्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हा आकडा उजेडाच्या तरंगलांबीचा, नॅनोमीटर या एककातला आहे, आणि टॉर्च निवडताना सर्वांत आधी तोच पाहावा. मानवी डोळ्याला दिसणारा जांभळा रंग साधारण ४०० नॅनोमीटरच्या आसपास सुरू होतो; त्याहून कमी आकड्याचे किरण अतिनील, म्हणजे डोळ्याला न दिसणारे. ३९५चा एलईडी या सीमेला इतका चिकटून असतो की त्याच्या उजेडाचा बराच भाग सरळ जांभळा दिसतो, आणि एखादी वस्तू मंद चमकत असेल तर ती चमक त्या जांभळ्या झोतात बुडून जाते. ३६५चा एलईडी मात्र जवळजवळ अदृश्य किरण टाकतो. त्यामुळे पाहणाऱ्याला वस्तूची स्वतःची चमक, म्हणजे प्रतिदीप्ती, काळोखात स्वच्छ दिसते. तरीही त्यातून थोडा फिकट पांढुरका उजेड गळतोच. तो अडवण्यासाठी चांगल्या टॉर्चच्या तोंडाशी काळपट काच बसवलेली असते, जिला बाजारात झेडडब्ल्यूबी२ फिल्टर म्हणतात. दृश्य उजेड अडवून अतिनील किरण जाऊ देणारी अशी काच अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०३ मध्ये तयार केली होती, आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातला वुड्स लॅम्प त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आता तुमच्या दोन कामांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. विंचवाच्या कवचातील द्रव्ये इतकी ठळक निळसर हिरवी चमकतात की त्यासाठी ३९५चा साधा, काही शे रुपयांचा टॉर्चही चार-पाच हातांवरून पुरतो. केवळ अंगण आणि चपलांचा रॅक तपासायचा असता तर मी तुम्हाला अधिक खर्च करू नका, असेच सांगितले असते. दगडांचे तसे नाही. आपला काळा बेसाल्ट स्वतः चमकत नाही. त्याच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या कॅल्साइटचे काही नमुने चमकतात, पण ती चमक बहुधा मंद असते आणि ३९५च्या झोतात ती हमखास हरवते. मुलाने पाच दगडांवर उजेड टाकला आणि पाचही नुसते जांभळे दिसले, तर त्याचा उत्साह तिथेच मावळेल. म्हणून दोन्ही कामांसाठी एकच टॉर्च हवा असेल, तर ३६५चा, एकाच मोठ्या एलईडीचा आणि काळी काच असलेला टॉर्च घ्यावा. तो नामांकित कंपनीचाच असावा हा आग्रह सोडलात, तर दीड हजारांत तो मिळवण्याचा प्रयत्न करण्यासारखा आहे.

एलईडींच्या संख्येला भुलू नका. ५१ किंवा १०० बारीक एलईडींचे टॉर्च जवळजवळ सर्व ३९५च्या आसपासचे असतात. वेष्टनावरच्या वॅटच्या आकड्यावरही फार विसंबू नये, आणि सोबतच्या १८६५० आकाराच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते याचे माप) असे छापलेले असेल तर तो आकडा खोटा समजावा, कारण या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५००च्या आसपास असते. असा सेल स्वस्त चार्जरवर रात्रभर ठेवणे धोक्याचे आहे.

खरेदी शक्यतो समोर पाहून करावी. ठाण्याहून लोकलने निघून ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार जवळच आहे. विक्रेता पाकिटातल्या चमकत्या स्टिकरवर उजेड टाकून दाखवेल, पण ते स्टिकर ३९५लाही तितकेच चमकते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी खिशातली कोरी नोट काढा आणि दुकानातल्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात धरा. नोटेचा कागद स्वतः चमकत नाही. क्रमांक आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू मात्र चमकतात. टॉर्च ३९५चा असेल तर सगळी नोट जांभळी दिसेल. फिल्टर असलेला ३६५चा असेल तर नोटेचा कागद काळोखा राहील आणि क्रमांक व तंतू उजळतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांची आहे. अदृश्य किरणांना आपली बाहुली आकसत नाही, त्यामुळे झोत मंद वाटला तरी डोळ्यांत जाणारी मात्रा मोठी असू शकते. मुलाच्या हातात टॉर्च देण्याआधी पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा आणा, आणि आरशावर किंवा स्टीलच्या भांड्यावर झोत टाकायचा नाही हे त्याला नीट समजावून सांगा.

विंचवाबद्दल दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. नुकतीच कात टाकलेला विंचू नीट चमकत नाही, म्हणून काही दिसले नाही तरी चप्पल झटकूनच घालावी. आणि चमकेवरून विंचू किती विषारी आहे हे कळत नाही. कोकणपट्टीतला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केल्यापासून रुग्ण वाचण्याचे प्रमाण पुष्कळ सुधारले, पण त्यासाठी रुग्ण विलंब न लावता रुग्णालयात पोहोचला पाहिजे. टॉर्च घेऊन येऊरच्या वनहद्दीत रात्री परवानगीविना जाऊ नये, हेही मुलाला सांगावे.

प्रश्न : वाशीला माझे किराणा दुकान आहे. नोटा तपासण्यासाठी असाच टॉर्च घ्यावा का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : गल्ल्यावर दिवसभर टॉर्च धरणे सोयीचे नाही, त्यापेक्षा नोटा तपासण्याचा लहान स्थिर दिवा बरा, कारण त्याचा झोत खाली राहतो आणि ग्राहकाच्या डोळ्यांत जात नाही. मात्र केवळ या उजेडावरून निर्णय देऊ नका. बनावट नोटेवरही चमकणारी शाई वापरता येते. उलट खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोट डिटर्जंटमधल्या उजळक द्रव्यामुळे निळसर पांढरी चमकते आणि विनाकारण संशयास्पद ठरते. ५००च्या नोटेचा सुरक्षा धागा तिरपा धरल्यावर हिरव्याचा निळा होतो का, आणि उजेडासमोर जलचिन्ह दिसते का, हे आधी पाहावे. त्यानंतरही शंका उरली तर ती नोट पुढे कोणाला न देता बँकेत दाखवावी.