डोळे गेल्यावर दिसणारी माणसे

यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी आठवड्यातून एक दिवस समुपदेशनासाठी बसते. काचबिंदू, मधुमेह किंवा उतारवय यांमुळे ज्यांची नजर बरीच गेली आहे, अशा वृद्धांचे नातेवाईक तेथे एक काळजी पुन्हा पुन्हा घेऊन येतात. म्हाताऱ्या माणसाला घरात नसलेली माणसे दिसतात. मग त्याचे डोके फिरले, की त्याला बाहेरची हवा लागली? या प्रश्नाचे उत्तर एका आजींच्या निमित्ताने सविस्तर द्यावेसे वाटते. त्यांची ओळख पटू शकेल असे तपशील मी बदलले आहेत.

आजींचे वय ७८ होते. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर नेली होती. उजव्या डोळ्याला केवळ उजेड आणि अंधार कळत असे, तर डाव्याला समोर हलवलेला हात अंधुक जाणवत असे. पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, तेव्हा संध्याकाळी सपरीत, म्हणजे ओसरीत, बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी सुनेला हाक मारली आणि म्हणाल्या, "ह्या बाया कोनाच्या घरच्या आल्या व? त्यांयले चहा मांड." सपरीत कोणीही नव्हते. तीन-चार वेळा असे झाल्यावर घरच्यांनी भगताकडून धागा आणून बांधला आणि लिंबू उतरवून टाकले. त्यानंतर आजींचे बोलणे बंद झाले, म्हणून घरचे समाधान पावले. पण त्या जेवेनाशा झाल्या, तेव्हा मुलगा, सून आणि सातवीत शिकणारी नात त्यांना घेऊन रुग्णालयात आली. नागपूरच्या मनोरुग्णालयात न्यावे लागेल का, हा मुलाचा पहिला प्रश्न होता.

मी सर्वांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगून आजींशी एकटीने बोलले. अजून काही दिसते का, असे विचारताच त्यांनी आधी दाराच्या दिशेला कान दिला आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "दिसते त दिसते जी. पण सांगतलं का लिंबू उतरवतात, मून सांगनं सोडलं." पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या. हिरव्या-जांभळ्या लुगड्यांतल्या बाया, त्यांच्या डोक्यावर उंच टोप, लुगड्यांचे काठ इतके स्पष्ट की धागा न् धागा मोजावा. वीतभर उंचीची लेकरे चुलीजवळून रांगेने जातात. कधी समोरच्या भिंतीवर तारेच्या कुंपणासारखी जाळी पसरते. यातले कोणीही कधी बोललेले नाही. "हातात बांगड्या हायेत, पण वाजत नाहीत. हात लावाले गेली त काहीच नाही. मी येडी झाली काय जी?"

या वाक्यांत निदानाचा मोठा भाग होता. चित्रे मुकी होती, त्यांना वास नव्हता, स्पर्श नव्हता, आणि ती खरी नाहीत हे आजींनी स्वतःच हात पुढे करून तपासले होते. तरीही केवळ ऐकून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरले असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यांची साखर, रक्तदाब आणि लघवी तपासली व चालू असलेल्या गोळ्या पाहिल्या, कारण म्हातारपणी लघवीच्या संसर्गाने किंवा एखाद्या औषधानेही माणूस अचानक भ्रमिष्ट होतो. त्यांत काही आढळले नाही. स्मरणशक्तीबद्दल विचारले, तेव्हा आजींनी बाजाराचा वार, घरातल्या प्रत्येकाचे वय आणि यंदा कोणत्या वावरात पऱ्हाटी व कोणत्यात तूर आहे हे न अडखळता सांगितले. मनोविकारतज्ज्ञांनीही नंतर त्यांना पाहिले आणि आमचा अंदाज पक्का झाला: हे वेड नव्हते, नजर गेल्यामुळे होणारे भास होते.

घरच्यांना हे समजावताना मी नातीची वही मागून घेतली. वहीच्या एकाच रेघेवर डावीकडे एक फुली काढली आणि तिच्या उजवीकडे सात सेंटिमीटरवर तुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका काढला. मुलाला मी डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने केवळ फुलीकडे पाहायला आणि वही हळूहळू जवळ आणायला सांगितले. वही वीतभरापेक्षा किंचित लांब, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटरवर आली, तेव्हा ते थांबले आणि म्हणाले की ठिपका गेला. त्या जागी काय दिसते, असे विचारल्यावर त्यांनी पुन्हा नीट पाहिले. तेथे भोक नव्हते, काळोख नव्हता. रेघ सलग पुढे गेलेली दिसत होती.

हा प्रयोग प्रत्येकाने घरी करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकूपेशी असतात, आणि त्यांनी टिपलेली माहिती दृक्चेतेच्या, म्हणजे डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेच्या, सुमारे १० लाख तंतूंमधून मेंदूकडे जाते. ही चेता डोळ्याबाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुळीच नसतात. सतराव्या शतकात फ्रान्सच्या एदम मारियोत यांनी हा अंधबिंदू दाखवून दिला. प्रत्येक डोळ्यात असा बिंदू असूनही आपल्याला जन्मभर जगात भोक दिसत नाही, कारण आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. त्या मुलाने पाहिलेला रेघेचा तो तुकडा डोळ्याने आणलेला नव्हता, मेंदूने काढलेला होता, आणि म्हणून कोणी त्यांना वेडे म्हणणार नव्हते.

पाहण्याचे मुख्य काम डोक्याच्या मागच्या भागात चालते. तेथून पुढे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत रंग, हालचाल, आकृतिबंध आणि चेहरे यांची ओळख पटवली जाते. काचबिंदूत दृक्चेतेचे तंतू मरतात, त्यामुळे डोळ्याकडून येणारी माहिती आटते; परंतु मागे बसलेल्या या पेशी जिवंत असतात आणि जन्मभराची सवय सोडून त्या गप्प बसत नाहीत. बाहेरून काहीच येईना झाले की त्या अधिक संवेदनशील होतात आणि आपण होऊन संदेश पाठवू लागतात. १९९८ मध्ये लंडन येथील संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा रंगीत भास होणाऱ्यांच्या मेंदूतला रंगाचा भाग आणि चेहरे दिसणाऱ्यांच्या मेंदूतला चेहऱ्यांचा भाग खरोखरच सक्रिय आढळला. आजींच्या लुगड्यांचा रंग, भिंतीवरची जाळी आणि बायांचे चेहरे हे सारे त्यांच्याच मेंदूतल्या धडधाकट भागांचे काम होते. आमच्या भागात सोयाबीनच्या मळणी यंत्रात हात गमावलेल्या माणसाला नसलेल्या हाताची बोटे दुखताना जाणवतात, तेथेही हेच तत्त्व काम करते. हात गेला तरी मेंदूतली हाताची जागा गेलेली नसते.

या अनुभवाला वैद्यकशास्त्रात शार्ल बोने यांचे नाव आहे. जिनिव्हाच्या या निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांविषयी लिहिले होते. नव्वदीला टेकलेल्या आणि मोतीबिंदूने नजर गमावलेल्या त्या आजोबांनाही माणसे, पक्षी आणि इमारती दिसत आणि त्या खऱ्या नाहीत हे त्यांना ठाऊक असे. हे मी सांगितले, तेव्हा आजींनी त्या म्हाताऱ्याच्या घरच्यांनी काय केले, असे विचारले. नातवाने सारे नीट ऐकून लिहून ठेवले, एवढेच मी सांगू शकले. सून त्या वेळी बराच वेळ खाली पाहत होती.

नजर फार कमी झालेल्यांमध्ये हा अनुभव दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते त्याबद्दल बोलणे. वेडे ठरवतील या भीतीने माणसे गप्प राहतात, आणि माझ्या अनुभवात त्या चित्रांपेक्षा हे गप्प राहणेच त्यांना अधिक पोखरते. बहुतेकांना यासाठी औषध लागत नाही. आजींना आम्ही सांगितले की चित्र आले की डोळ्यांची भराभर उघडझाप करावी, नजर काही वेळ डावीकडून उजवीकडे फिरवावी, उठून दोन पावले चालावे किंवा कोणाशी तरी बोलू लागावे. ही चित्रे संधिप्रकाशात आणि निवांत बसल्यावर जास्त येतात, त्यामुळे दिवेलागणीला सपरीतला दिवा आधीच लावावा आणि लाईन गेली तर चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवावा, असेही घरच्यांना सुचवले. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, परंतु ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर असे भास थांबू शकतात, म्हणून डोळ्यांची तपासणी कधीही टाळू नये.

मात्र दिसणारी माणसे बोलू लागली, हुकूम देऊ लागली, रुग्णाला ती खरी वाटून तो घाबरू किंवा चिडू लागला, सोबत विसराळूपणा वाढला, हातापायांना कंप सुटला, किंवा ताप येऊन एक-दोन दिवसांत बोलणे असंबद्ध झाले, तर ते दुसऱ्या आजाराचे लक्षण असू शकते आणि तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

दिवाळीनंतर आजी पुन्हा आल्या, तेव्हा त्या दोन वेळा जेवत होत्या. चित्रे थांबली नव्हती, थोडी विरळ झाली होती. नात रोज संध्याकाळी आज कोणत्या रंगाचे लुगडे होते ते विचारत असे आणि आजी सांगत असत. निघताना त्यांनी मला एकच विचारले. "इतके लोक दिसतात, मंग त्यांच्यात माहा मालक काऊन दिसत नाही जी?"

या भासांत बहुधा अनोळखी चेहरे येतात. चेहऱ्यांचा भाग आपल्या परीने चेहरा घडवतो, पण विशिष्ट माणसाची ओळख, त्याचे नाव आणि त्याच्यासोबत घालवलेली वर्षे यांसाठी स्मृतीचे इतर भाग जोडले जावे लागतात, आणि ते या भासांत सहसा जोडले जात नाहीत. मी हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बैलाले हाक देत ते बंडीवर, थे मले आताही आयकू येते. पण थे आपोआप येत नाही, मी आठवतो तवाच येते." आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून त्या उठल्या.