आधी गेमची यादी करा, डबा नंतर ठरवा

तुम्ही विचारलंय की मुलीला आपल्या लहानपणीचे काँट्रा आणि रणगाड्यांचा गेम खेळायला द्यायचेत, तर निन्टेन्डोचा मिनी कन्सोल शोधून घ्यावा की घरातल्या जुन्या लॅपटॉपवर इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकावा. माझं मत सरळ लॅपटॉपच, आणि कारण पैशाचं नाहीये, तुम्हाला हवेत ते दोन्ही गेम त्या मिनीत नाहीतच.

तो मिनी, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस कन्सोलची छोटी आवृत्ती एनईएस क्लासिक, नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. ३० गेम आहेत, सुपर मारिओचे तिन्ही भाग, पॅकमॅन, गॅलागा, बलून फाइट सगळं आहे, पण काँट्रा नाही, त्याऐवजी त्याचा पुढचा भाग सुपर सी त्यात आहे. रणगाड्यांचा बॅटल सिटी नाही, सर्कस चार्ली नाही, हे दोन्ही अमेरिकेत एनईएसवर निघालेच नव्हते. आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये फॅमिकॉमचे, म्हणजे एनईएसच्या जपानी आवृत्तीचे गेम भरलेले असायचे, त्यामुळे आपल्या आठवणी त्या यादीशी जुळतच नाहीत.

आणि तो मिनी आता नवा मिळत नाही, निन्टेन्डोने केव्हाच बंद केला. ऑनलाइन ६२० गेम लिहिलेलं हुबेहूब तसंच दिसणारं खोकं स्वस्तात मिळतं, ते अजिबात घेऊ नका. खऱ्याला एचडीएमआय असतं, मागे लाल-पिवळी एव्ही वायर दिसली की नकली समजा.

बरेच जण म्हणतात अस्सल मजा मिनीतच, इम्युलेटर म्हणजे जुगाड. अहो पण मिनीच्या आत पण इम्युलेटरच आहे! लिनक्सवर चालणारा, निन्टेन्डोच्याच पॅरिसच्या टीमने लिहिलेला, आणि तो चांगलाच आहे. सोनीने २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये तर पीसीएसएक्स रीआर्म्ड हा फुकट मिळणारा ओपन सोर्स इम्युलेटर घातला, वर २० पैकी ९ गेम युरोपवाले ५० हर्ट्झचे, म्हणजे संथ चालणारे, टेकन ३ सुद्धा त्यातच, फायटिंग गेम असा संथ चालला तर खेळणार काय. मात्र सेगाचा मेगा ड्राइव्ह मिनी खरंच जीव लावून केलाय, एम२ कंपनीचं काम, ४२ गेम, कुणाला सॉनिक वगैरे हवं असेल आणि चांगल्या भावात मिळाला तर डोळे झाकून घ्या.

आता तुमचं. बॅटोसेरा (इम्युलेटर आधीच भरलेली फुकट ऑपरेटिंग सिस्टम) पेन ड्राइव्हवर टाका, लॅपटॉप त्याच्यावरून बूट होतो, हार्ड डिस्कवरच्या विंडोजला हात पण लागत नाही. लॅपटॉप असताना रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड विकत घेऊ नका, बोर्ड झाला की ॲडॅप्टर, कार्ड, केस असं वाढत जातं. वाचलेले पैसे गेम पॅडवर घाला, यात कंजूषी नको, डी-पॅड (चार दिशांचं अधिक आकाराचं बटण) खराब असेल तर मारिओ खड्ड्यातच जाणार आणि मूल कंटाळून उठणार. एटबिटडू कंपनीचे पॅड मला आवडतात. टीव्हीला जोडाल तेव्हा टीव्हीचा गेम मोड ऑन करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते आणि लोक उगाच इम्युलेटरला शिव्या घालतात, तरी उशीर जाणवला तर बॅटोसेरातल्या रेट्रोआर्च या इम्युलेटर प्रोग्रॅममध्ये उशीर कमी करणारी रन-अहेड नावाची सेटिंग आहे ती १ फ्रेमवर ठेवून बघा. चित्र ४:३ मध्येच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकारात ठेवा, ताणू नका. बदकं मारायची जुनी बंदूक मात्र एलसीडीवर चालत नाही, तिला जुना डब्बा टीव्हीच लागतो.

राहिला गेमच्या फाइलींचा प्रश्न. इम्युलेटर वापरणं कायदेशीर आहे, पण कुठूनही गेम डाउनलोड करणं नाही, कॉपीराइट आहे त्यांच्यावर. काँट्रासाठी तर ती गरजच नाही, कोनामीचं २०१९ चं काँट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर आहे, एनईएसवाला काँट्रा त्यात आहे, विंडोजमध्येच चालवा.

लॅपटॉपचं मॉडेल आणि रॅम सांगा, बॅटोसेराच्या जुन्या आणि नव्या मशीनसाठी वेगवेगळ्या इमेज (पेन ड्राइव्हवर टाकायच्या फाइली) असतात, तुम्हाला कुठली चालेल ते बघून सांगतो.