डॉक्टर तोंडात का पाहत नाहीत?

प्रश्न : माझ्या सासूबाईंवर अनेक वर्षे मधुमेहाचे उपचार सुरू आहेत. साखर नियमित तपासली जाते, पण त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते, हे एकाही डॉक्टरांनी पाहिले नाही. त्या मिश्री लावतात. गालाच्या आतला पांढरा चट्टा परवा आशाताईंच्या विचारपूशीमुळे लक्षात आला. डॉक्टरांना हे शिकवत नाहीत का? आमचे महिला मंडळ दंत शिबिर घेणार आहे. त्यात काय करावे?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आधी चट्ट्याविषयी. असे बहुतेक चट्टे कर्करोगाचे नसतात. परंतु नुसत्या नजरेने तसा निर्वाळा देता येत नाही, म्हणून सासूबाईंना याच आठवड्यात दंतवैद्यांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि मिश्री आजच बंद करावी. ती भाजलेली तंबाखूच असते.

आता शिक्षणाविषयी. दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे निघाले, आपल्याकडे १९२० मध्ये डॉ. रफीउद्दिन अहमद यांनी कोलकात्यात त्याची सुरुवात केली आणि १९४८ च्या कायद्याने या व्यवसायाची नोंदणीही वेगळी झाली. दंतवैद्यकाला त्यातून प्रतिष्ठा मिळाली. मात्र वैद्यकाची हद्द जणू ओठांपाशीच आखली गेली. एमबीबीएसच्या २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात दातांची कीड, हिरड्यांचे विकार आणि मुखकर्करोग यांचा छोटा विभाग होता, ही चांगली गोष्ट. तथापि रुग्णाच्या खाटेशी जे विचारले जात नाही, ते विद्यार्थी फारसे मनावर घेत नाहीत. माझ्या मते मधुमेहाचा रुग्ण तपासताना विद्यार्थ्याने पायांइतकेच तोंडही पाहिले की नाही, यावर गुण द्यावेत. साखर वाढली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो आणि तो संसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) पुढील तीन-चार महिन्यांत सरासरी सुमारे ०.४ अंकाने उतरते, असे अभ्यासांत आढळले आहे.

शिबिरात टूथपेस्ट वाटून छायाचित्रे काढण्यात फारसा अर्थ नाही. आशाताई तीस वर्षांवरील व्यक्तींचा जो सीबॅक फॉर्म (मधुमेह, कर्करोग अशा आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली) भरतात, त्यात दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तोंड उघडायला त्रास आणि आवाजातील बदल हे प्रश्न असतातच. तेथूनच सुरुवात करावी. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जवळच्या महाविद्यालयातील इंटर्न डॉक्टरांना बोलवावे. टॉर्च, हातमोजे आणि जीभ दाबण्याची पट्टी एवढ्यावर गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा व टाळू पाहता येतो. कवळी असल्यास ती आधी काढायला सांगावी. दुखत नाही म्हणून चट्टा लपून राहतो, तेव्हा तक्रार नसलेल्यांनाही तपासावे. ज्यांना पुढे पाठवायचे त्यांची यादी मंडळाने जवळ ठेवावी, जिल्हा रुग्णालयात त्यांच्याबरोबर कोणीतरी जावे आणि पंधरा दिवसांनी कोण गेले नाही ते घरी जाऊन विचारावे, कारण शिबिरानंतरची ही फेरी बहुतेक ठिकाणी होतच नाही.