सुटला की पळाला?

प्रश्न : सर, एस्केप, फ्ली, इव्हेड, अ‍ॅबस्कॉन्ड, सगळ्यांचा अर्थ ‘पळून जाणे’च ना?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : नाही बाई. आमचा लालकंधारी गोऱ्हा दावं तोडून सुटायचा, तो एस्केप. त्याला बघून आम्ही पोरं पळायचो, ते फ्ली. पळणारा सापडूही शकतो. एस्केपचं मूळ लॅटिन, ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘काप्पा’ म्हणजे झगा. पकडणाऱ्याच्या हाती नुसता झगा ठेवून निसटायचं! 1948 मध्ये रझाकारांच्या धाकानं आजोबा रातोरात सोलापूरकडं गेले, तेही फ्लीच. कर चुकवणं इव्हेड. आणि अ‍ॅबस्कॉन्ड म्हणजे फरार. आमच्या भिशीचा एकजण झाला होता, त्यात माझेही अडीच हजार गेले.