लंगोट धुतले, वास मात्र तसाच

पाऊस लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत बाळाचे लंगोट हमखास असतात. सासूबाईंची तक्रार वेगळी, सुनेची वेगळी. पण शेवटची ओळ बहुतेक सगळ्यांची एकच: 'आता आणखी काय घालू?' सोडा घातला, व्हिनेगर घातलं, वासाचं लिक्विड घातलं. माझं उत्तर बऱ्याचदा उलटं असतं. घालू नका काही, आत अडकलंय ते काढा.

प्रश्न : मुलगा पाच महिन्यांचा आहे. पॉकेट डायपर वापरते. मशीनमधून काढल्यावर अगदी छान असतात, पण त्याने शू केली की दोन मिनिटांत नाकाला झोंबणारा वास येतो. पावडर बदलली, व्हिनेगरही घालून पाहिलं. (फोंडा)

बाळाच्या ताज्या शूला असा वास नसतो. लघवीत युरिया असतो आणि जीवाणू त्याचा अमोनिया करतात, पण त्यांना त्यासाठी वेळ लागतो. म्हणून रात्रभर घातलेल्या डायपरला सकाळी दर्प आला तर नवल नाही. शू केल्याकेल्याच दर्प आला, तर तो मागच्या धुण्याचा उरलेला हिशेब आहे. कापड कोरडं असतं तोवर कळत नाही, ऊब आणि ओल मिळाली की लगेच कळतं.

आधी एक करून बघा. धुऊन वाळलेला एक इन्सर्ट, म्हणजे डायपरच्या खिशात सरकवायची शोषणारी पट्टी, बादलीभर कोमट पाण्यात बुडवा आणि चार-पाचदा चांगला पिळा. पाण्यावर फेस आला तर साबण उरला आहे. फेस नाही, पण पाणी गढुळलं आणि वास आला, तर घाण उरली आहे. तुमच्याकडे बहुधा दुसरं निघेल. बाळाचे कपडे म्हणून आपण पावडर चिमटीने घालतो आणि फ्रंट लोड मशीन आधीच पाण्याची काटकसर करतं. मायक्रोफायबरचे इन्सर्ट तर वास धरण्यात पटाईत. त्यांच्या जागी सुती घेतलेत तरी निम्मं काम होईल.

रात्रीचा डायपर सकाळी काढल्याकाढल्या नळाखाली धरा. पिळल्यावर पाणी नितळ येईपर्यंत धरा. हे एक काम चुकवू नका, बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. मग सगळे डायपर आधी गार पाण्यात, थोड्या पावडरीवर एकदा फिरवा. सुरुवातीलाच गरम पाणी नको, शीचे डाग त्याने कापडात पक्के बसतात. ते पाणी काढून टाकलं की मुख्य धुणं. त्याला पावडर पाकिटावर मळक्या कपड्यांसाठी लिहिलेली असेल तेवढी, पुरती घाला. सुती इन्सर्ट 60 अंशांवर चालतात. वरचं जलरोधक कव्हर मात्र लेबलवर लिहिलंय त्याच्या वर तापवू नका, त्याचा थर सुटतो. ड्रम दोन-तृतीयांश भरलेला असावा. ठासून भरला तर कपड्यांना एकमेकांवर घासायला जागा राहत नाही, आणि चारच इन्सर्ट टाकले तर ते नुसते गरगरतात. कमी पडले तर एखादा टॉवेल टाका. शेवटी साध्या पाण्याची एक फेरी जास्तीची.

व्हिनेगर आम्ल आहे, ते अमोनियाला तेवढ्यापुरतं गप्प बसवतं. घाण जागच्या जागी, आणि रोज घातलं तर इलॅस्टिक सैल पडतं ते वेगळंच. पाण्याला दोष देऊ नका. फोंड्याला ओपाचं, म्हणजे खांडेपार नदीचं पाणी येतं, ते काही क्षारांचं जड पाणी नव्हे.

आणि हो, मालिशचं खोबरेल. तेल पुसल्याशिवाय डायपर बांधला की ते इन्सर्टमध्ये उतरतं. मग कापड शू शोषत नाही, आणि तेल जुनं झालं की खवट वास येतो तो निराळा. तसे इन्सर्ट गरम पाण्यात, पुरत्या पावडरीत वेगळे धुवा.

प्रश्न : नातीसाठी माझ्याच मुलांच्या वेळचे, जुन्या सुती लुगड्यांचे लंगोट पेटीतून काढले. कापड अजून मऊ आहे, पण डांबरगोळ्यांचा वास दोनदा धुऊनही जात नाही. चालतील ना? (पेडणे)

आजी, वास आहे तोवर नाही चालणार. यात मी जराही सूट देणार नाही. डांबरगोळ्या बहुधा नॅफ्थॅलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच कमी असतं. मुलांमध्ये हे जास्त आढळतं, पण मुलींना नसतंच असं नाही. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थॅलीन वासावाटे किंवा कातडीवाटे गेलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा व्हावी. अंगाला तेल लावलेलं असेल तर ते कातडीतून आणखी सहज जातं. बाळाला हा दोष आहे की नाही हे वरून दिसत नाही.

तुम्ही दोनदा धुतलेत तरी वास गेला नाही, कारण नॅफ्थॅलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते उडून जावं लागतं. लंगोट एकेक सुटा करून आठ-दहा दिवस उन्हावाऱ्यात टाका, मग गरम पाण्यात धुवा, पुन्हा वाळवा. नंतर घडी दिवसभर झाकणाच्या डब्यात ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या. आपलं नाक एव्हाना सरावलेलं असतं. किंचितही वास आला तर लंगोट फडक्यांत टाका. त्याच पेटीतली दुपटी, टोपडी, स्वेटर यांनाही हाच नियम. पुढच्या पिढीसाठी ठेवायचंच असेल तर पूर्ण वाळवून, सुती कापडात बांधून ठेवा. गोळ्या नकोत.

प्रश्न : चवथीपर्यंत ऊन दिसायचं नाही. सोप्यात दोन-दोन दिवस टाकूनही लंगोट दमट राहतात, कुबट वास येतो. आई म्हणते शेगडीवर टोपलं पालथं घालून वाळव, ओव्याची धुरीही मिळेल. (काणकोण)

वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात ही तक्रार नवी नाही. कुबट वास धुण्यातला नसतो, वाळण्यातला असतो. कापड फार वेळ ओलं राहिलं की त्यात जीवाणू आणि बुरशी वाढते. म्हणून कुबट झालेला लंगोट नुसता वाळवून उपयोग नाही, तो पुन्हा गरम पाण्यात धुवायलाच हवा. सुती असेल तर सरळ उकळा.

या चार महिन्यांत जाड शिवलेले डायपर मागे ठेवा आणि जुन्या धोतराचे एकपदरी चौकोनी लंगोट काढा. घडी बाळाच्या अंगावर करायची, दोरीवर नाही. मशीन असेल तर दोनदा फिरवून पिळून घ्या. दोरीवर दोन लंगोटांत हातभर जागा सोडा आणि खाली टेबलफॅन लावा. छतावरचा पंखा त्या मानाने कुचकामी. राहिलेली ओल इस्त्रीने काढा आणि इस्त्रीनंतर लगेच घडी घालू नका, वाफ आत कोंडते.

टोपल्याची आठवण मलाही आहे. आमच्या न्हाणीबाहेर ते असायचं आणि माझ्या धाकट्या भावाच्या झबल्यांना कायम धुराचा वास. पण ती घरं चहूबाजूंनी वारा खेळणारी होती. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये निखाऱ्यांची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. त्याला ना रंग, ना वास. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत तर नकोच नको. धुरीने वासावर वास चढतो, इतकंच.

प्रश्न : विहिरीचं पाणी वापरतो. वासासाठी ब्लीच घातलं तर पांढरे लंगोट नारिंगी झाले! (सांगे)

हे माझ्याही हातून झालंय, थोरलीच्या वेळी. बारा लंगोट एका दुपारी भगवे झाले होते आणि मी शेजारणीवर संशय घेतला होता. दोष पाण्यातल्या लोहाचा. लोह विरघळलेलं असतं तोवर पाणी स्वच्छ दिसतं. ब्लीचमुळे त्याचा गंज होतो आणि कापडावर बसतो. पाणी रात्रभर उघड्या टाकीत ठेवून वरचं नितळ तेवढं घ्या. डागांसाठी लंगोट नीट खळबळून ब्लीच पूर्ण काढा, मग अर्ध्या बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, घालून तासभर भिजवा. ब्लीच आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. शूने भिजलेल्या लंगोटावर थेट ब्लीच ओतणंही तितकंच वाईट.

शीच्या पिवळ्या डागांसाठी ब्लीच लागतच नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाचे डाग ओल्या कापडावर ऊन पडलं की आपोआप फिके होतात.

प्रश्न : शेवटच्या पाण्यात जंतुनाशक आणि फॅब्रिक सॉफ्टनर घातलं तर? (म्हापसा)

दोन्ही नको. सॉफ्टनरचा थर बसला की कापड शू शोषत नाही आणि जंतुनाशक उरलं तर बाळाच्या कातडीला झोंबतं.

प्रश्न : सगळं नीट धुते, तरी दोन दिवस नव्या लंगोटालाही उग्र वास येतोय. बाळ थोडं कणकणलंय. (वास्को)

धुणं बाजूला ठेवा आणि आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. नव्या कापडालाही वास येतो आहे, म्हणजे तो लघवीचाच असावा, आणि सोबत ताप असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग तपासायला हवा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर संध्याकाळपर्यंतही थांबू नका.