झूम चष्मा कधी, दुर्बीण कधी?

प्रश्न : मी 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानयुद्धाच्या संगणक-खेळात ऑनलाइन स्पिटफायर मार्क 1 हे ब्रिटिश लढाऊ विमान उडवतो. नुकताच 27 इंची फोर-के मॉनिटर घेतला आणि शत्रूची विमानं दिसेनाशीच झाली. मित्राकडे त्याच मापाचा जुना फुल एचडी मॉनिटर आहे, त्याला माझ्या आधी सगळं दिसतं. काही जण सारखं झूम करतात, काही मुद्दाम रिझोल्यूशन खाली आणतात. त्यात भर म्हणजे जर्मनांचं मेसरश्मिट नाक खाली घालून निसटतं, मी मागे गेलो की माझं इंजिन मात्र गचके खातं. यातली लबाडी कुठली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाशिकला माझं चष्म्याचं दुकान आहे. शनिवारी रात्री शटर ओढलं की मीही तुमच्यासारखाच इंग्लिश खाडीवर असतो. त्यामुळे आधी नजरेचं बोलू.

दुकानातल्या तक्त्यावर 6/6 ची ओळ वाचणारा माणूस अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. पंचांगात याला कला म्हणतात. आता फुल एचडी पडद्यावर 90 अंशांचं दृश्य लावा, म्हणजे डावीकडून उजवीकडे 90 अंश दिसतील असं. पडद्याच्या मध्यावर एक पिक्सेल, म्हणजे पडद्याचा सर्वांत लहान ठिपका, साडेतीन कलांहून थोडा मोठा पडतो. म्हणजे खेळातला वैमानिक 6/18 आणि 6/24 यांच्या मधल्या नजरेने उडतो आहे (खालचा आकडा मोठा तेवढी नजर अधू)! अशा नजरेचं गिऱ्हाईक आलं तर मी त्याला चष्मा दिल्याशिवाय सोडत नाही. झूम करून दृश्य 30 अंशांवर आणलं की पिक्सेल जवळपास एका कलेवर येतो, म्हणजे 6/6. मेसरश्मिटच्या पंखांची लांबी साधारण 10 मीटर. 5 किलोमीटरवरून ते 90 अंशांत जेमतेम दोन पिक्सेल भरतं, 30 अंशांत सात. तेव्हा झूमला लबाडी म्हणू नका. पडद्याने हिरावलेली नजर ते परत देतं, आणि तेवढा वेळ दोन्ही बाजू दिसत नाहीत ही किंमतही वसूल करतं.

तुमच्या नव्या मॉनिटरचं दुखणं वेगळं आहे. खूप लांबचं विमान खेळ एखाद्या पिक्सेलच्या ठिपक्याने दाखवतो. 60 सेंटिमीटरवर बसलात तर तुमचा पिक्सेल तुमच्या खऱ्या डोळ्यात एका कलेहूनही लहान पडतो, मित्राचा पावणेदोन कलांचा. क्षेत्रफळात चौपट फरक. त्याचा ठिपका ठसठशीत आणि तुमचा विरघळलेला, यात त्याचा काही दोष नाही. उलट विमान जवळ आलं आणि तुम्ही झूम केलंत की तुमचा पिक्सेल अर्ध्या कलेचा होतो, म्हणजे 6/3. ती दुर्बीणच झाली. पंखावरची खूण त्याच्या आधी तुम्ही ओळखाल. शोधण्यात तोटा, ओळखण्यात फायदा. तोवर दृश्य 60 अंशांवर ठेवून आकाश पट्ट्यापट्ट्याने शोधा आणि खुर्ची 45 सेंटिमीटरवर आणा. तासाभराच्या उड्डाणाला एवढं जवळ बसणं चालेल, दिवसभर मात्र नको.

मुद्दाम रिझोल्यूशन उतरवणं मात्र मला पटत नाही, मग सर्व्हरच्या नियमांत त्याला बंदी असो वा नसो. मी स्वतः एकदा आठवडाभर 1280 पिक्सेल रुंदीच्या रिझोल्यूशनवर उडून पाहिलं. ठिपके जाड झाले, चार-पाच जणांना त्यांनी मला पाहायच्या आत पाडलं. त्यातला एकही बळी मला स्वतःचा वाटला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर ढगांत शोधत राहिलो असतो आणि माझं कुठे चुकलं हे मला कधीच कळलं नसतं. रात्रीच्या उड्डाणात गॅमा (पडद्याचा उजळपणा) वाढवून अंधार पुसून टाकणाऱ्यांबद्दलही माझं हेच मत आहे.

इंजिनाची तक्रार मात्र मागे घ्या. ते गचके खरे आहेत. तुमच्या स्पिटफायरच्या, त्या काळच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) होता. नाक झटक्यात खाली गेलं की त्यातलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन आधी उपाशी राहायचं, मग तुंबायचं. मेसरश्मिटच्या डेमलर-बेंझ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, त्याला हा त्रासच नव्हता. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिएट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी पेट्रोलचा ओघ आवरणारा, मधे भोक असलेला छोटासा तुकडा बसवून यावर उतारा काढला, पण तो 1941 साली. तुम्ही 1940 च्या उन्हाळ्यात उडता आहात. हा फायदा जर्मन बाजूला त्या विमानाने दिलेला आहे, तो काढून घेतला तर समोरच्यावर अन्याय होईल.

पुढच्या वेळी तो नाक खाली घालताना दिसला की आधी विमान पाठीवर उलटं करा, मग स्टिक पोटाशी ओढा. पेट्रोल जागेवर राहील आणि इंजिन चालू. उलटण्यात सेकंदभर जाईल आणि तेवढ्यात तो पुढे निघून जाईल. खाडीवर तेव्हाही तो असाच निघून जायचा.